दाभोळ बंदर आणि पत्र्याची नळी

मुंबईत कुणाला आमचे गाव दाभोळच्या बाजूला आहे असे सांगितले, की चाळिशीपुढचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे ते एन्रॉनचे दाभोळ का?" पूर्वी आम्हाला राग येई. आता येत नाही. आम्ही शांतपणे सांगतो, की तो वीज प्रकल्प दाभोळात नाहीच. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला आहे. दाभोळ अलीकडे, दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर आहे. प्रकल्पाला नुसते नाव दाभोळचे मिळाले आणि ते नाव वर्तमानपत्रांतून देशभर फिरले.

पण त्याच्या पाचशे वर्षे आधी हे नाव हॉर्मुझ, एडन आणि जेद्दाच्या बंदरांत लोकांच्या तोंडी होते. परदेशी प्रवाशांनी ते 'दाबुल' असे लिहून ठेवले आहे. बहामनी सुलतानांच्या काळात आणि पुढे विजापूरच्या आदिलशाहीत दख्खनचा समुद्राकडचा दरवाजा कोणता, असे विचारले असते तर चौल, गोवा यांच्या जोडीने दाभोळचे नाव आले असते. गावाला मुस्तफाबाद असेही नाव होते. आज दापोलीहून एस.टी.ने घाटवळणे उतरून खाली आलो, की समोर दिसतात माडाची झाडे, मासळी सुकत घातलेली, धक्क्याला लागलेल्या होड्या आणि पलीकडे धोपाव्याला गाड्या नेणारी फेरीबोट. मोठे बंदर कुठे होते, असा प्रश्न पडतो.

आमच्या शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलांनाही तो पडला. सहलीला कुठे जायचे यावर मुलांचे मत महाबळेश्वरचे होते. आम्ही दाभोळ म्हटले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "तिथे तर माझी खाला राहते, तिथे काय बघायचे?" या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या नादात हा लेख झाला.

बघायचे म्हटले तर पहिली ती मशीद. धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर, माडांच्या गर्दीत ती उभी आहे. काळ्या दगडाचा उंच चौथरा, वर चढायला पायऱ्या, चार मिनार, मधे एकच मोठा घुमट. शाही मशीद, माँसाहेबा मशीद, अंडा मशीद अशी तिची तीन नावे लोकांच्या तोंडी आहेत. विजापूरला ज्यांनी आदिलशाही इमारती पाहिल्या आहेत त्यांना ही मशीद पाहताच ओळखीची वाटेल. कमानी त्याच वळणाच्या, मिनारांवरची नक्षी त्याच हाताची. कोकणात अशी इमारत दुसरीकडे सहसा दिसत नाही. आपल्याकडच्या जुन्या मशिदी म्हणजे बहुधा उतरत्या छपराच्या, कौलारू, पावसाला सोसणाऱ्या. इथे मात्र घाटावरचा शिल्पी समुद्रकाठी उतरून काम करून गेला आहे.

तो का उतरला, याची हकीकत गावात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते आणि इंग्रजांच्या गॅझेटियरनेही ती नोंदवली आहे. विजापूरची शाहजादी आयेशाबीबी १६५९ साली हजच्या इराद्याने दाभोळला आली. सोबत मोठा लवाजमा आणि पंधरा लाख रुपये. जहाज तयार होते. पण समुद्रावर लुटारूंची भीती, किनाऱ्यावर धामधूम. हे तेच वर्ष आहे, ज्याच्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि कोकणातली आदिलशाही सत्ता डळमळली. शाहजादीला जाता येईना. मग तिने सोबतच्या आलिमांचा सल्ला घेतला आणि हजसाठी आणलेली रक्कम इथेच अल्लाहचे घर बांधण्यात खर्च करायचे ठरवले. कामिलखान नावाच्या शिल्पीने चार वर्षांत मशीद उभी केली, असे ही हकीकत सांगते.

यातले किती अक्षरशः खरे, हा वाद इतिहासाच्या अभ्यासकांनी घालावा. आम्हाला त्या चौथऱ्यावर उभे राहिल्यावर दुसरीच गोष्ट जाणवली. मशिदीकडून समुद्राकडे पाहिले की खाडीचे तोंड दिसते. म्हणजे जिथून जहाज सुटायचे होते, ती जागा डोळ्यांसमोर ठेवून ही इमारत उभी आहे. आम्ही मुलांना एवढेच सांगितले आणि गप्प बसलो. मुलेही थोडा वेळ गप्प होती. मग कुणीतरी डब्याची आठवण काढली.

बंदर इथेच का झाले?

कोकणच्या नकाशात खाड्या भरपूर आहेत. पण बंदर व्हायला नुसती खाडी पुरत नाही. पाठीशी घाट चढून जाणारी वाट लागते. वाशिष्ठीच्या खाडीत भरतीबरोबर होड्या आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जात. तिथे माल बैलांच्या पाठीवर चढे आणि कुंभार्ली घाटाने वर कऱ्हाडकडे, तिथून पुढे दख्खनच्या राजधान्यांकडे निघे. उलट वाटेने दख्खनचे कापड खाली येई. बाहेर खवळलेला समुद्र असला तरी खाडीच्या आत जहाज निर्धास्त राही आणि पलीकडच्या टेकडीवर अंजनवेलचा किल्ला, म्हणजे गोपाळगड, पहाऱ्याला. तोंडावरची वाळूची दांडी ही तेवढी अडचण. भरतीची वेळ साधून आणि माहितगार माणूस घेऊनच आत शिरावे लागे. ही दांडी पुढे फार महागात पडली, ते ओघाने येईलच.

आत येणाऱ्या मालात सर्वांत किमती माल चार पायांचा होता. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरच्या रायांना लढाईसाठी अरबी, इराणी घोडे हवे असत, कारण आपल्या दमट हवेत चांगल्या घोड्याची पैदास होत नाही. हॉर्मुझहून घोडे भरून जहाजे येत. सोळाव्या शतकाच्या आरंभी इथले वर्णन लिहिणारा पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा मक्का, एडन, हॉर्मुझच्या जहाजांची नोंद करतो आणि घोड्यांबरोबर तांबे, पारा, हिंगूळ या मालाचाही उल्लेख करतो.

घोड्यांबरोबर माणसेही येत. त्यांतल्या एकाचे नाव प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे. इराणच्या गीलान प्रांतातला एक व्यापारी १४५३ मध्ये दाभोळच्या धक्क्यावर उतरला. वय चाळिशीच्या पुढे. व्यापारासाठी म्हणून तो बीदरला गेला आणि तिथेच राहिला. हाच ख्वाजा महमूद गावान. पुढे तो बहामनी राज्याचा वजीर झाला, त्याने कोकणात मोहीम काढून समुद्रावर व्यापारी आणि हाजींची जहाजे लुटणाऱ्यांचा बंदोबस्त केला, गोवा जिंकले आणि १४७२ मध्ये बीदरला तो मदरसा बांधला, ज्याच्या निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे आजही भिंतीवर चमकतात. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारावर सुलतानाने त्याला मारले. विजापूरची आदिलशाही स्थापणारा यूसुफ आदिलखानही याच बंदरात उतरला, असे फिरिश्ताने आपल्या इतिहासात लिहिले आहे. चाळिशीत नवे आयुष्य सुरू करता येते याचा दाखला म्हणून गावानची गोष्ट आम्ही शिक्षक-खोलीत सांगतो. ती ऐकून सहकारी हसतात आणि चहा मागवतात.

गावान वजीर असतानाच आणखी एक परका माणूस दाभोळहून परत निघाला. रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन. घोडा विकायला म्हणून चौलला उतरलेला हा व्यापारी तीनेक वर्षे दख्खनमध्ये हिंडला आणि घरची ओढ लागल्यावर दाभोळला आला. हॉर्मुझपर्यंतच्या भाड्यापोटी त्याने सोन्याची दोन नाणी मोजली. एक महिना नुसते पाणी आणि आभाळ. मग डोंगर दिसले, ते हॉर्मुझचे नव्हते, हबशांच्या मुलखाचे होते. वाऱ्याने जहाज भलतीकडेच नेले होते. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटून त्यांनी जहाज लुटीपासून वाचवले, आणि मग मस्कत गाठले. ही हकीकत सांगितल्यावर आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरचा एक मुलगा पहिल्यांदा पुढे येऊन बसला. त्याचा बाप तेलवाहू जहाजावर आहे. त्याला मस्कत माहीत होते.

१५०८ चा डिसेंबर

दाभोळच्या इतिहासातला सर्वांत काळा प्रसंग सांगताना आम्ही नेहमी आधी तारखा फळ्यावर लिहितो, कारण इथे रागाच्या भरात घोटाळा होतो. १५०८ च्या आरंभी चौलच्या खाडीत पोर्तुगीजांची लढाई झाली ती इजिप्तच्या मामलुकांच्या आरमाराशी आणि दीवच्या मलिक अयाजच्या गलबतांशी. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा तरुण मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने सूडाची शपथ घेतली. डिसेंबरमध्ये त्याचे आरमार उत्तरेकडे निघाले आणि वाटेत दाभोळच्या खाडीत शिरले. सैनिक उतरले, कत्तल झाली, बायकामुलेही सुटली नाहीत, शहर जाळले गेले. पुढे ३ फेब्रुवारी १५०९ रोजी आल्मेदाने दीवजवळ मामलुक आणि गुजरातच्या एकत्र आरमाराचा पराभव केला, आणि भारताच्या समुद्रावर पोर्तुगीजांचा शिक्का बसला.

लढाई चौलला झाली होती, जळाले दाभोळ. मुलांनी विचारले, का? समुद्रावरच्या व्यापारी शहरांना दहशत बसावी म्हणून, एवढेच उत्तर आम्हाला देता आले.

मात्र या आगीने दाभोळ संपले, असे जे आपल्याकडे भाषणांतून सांगितले जाते ते बरोबर नाही. गाव पुन्हा बांधले गेले, जहाजे पुन्हा येऊ लागली. खरा मार बसला तो कागदाने. पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला. तो जवळ नसेल तर जहाज पकडायचे, माल जप्त करायचा. कोणत्या बंदरात जकात भरायची, काय माल न्यायचा नाही, सारे त्या कागदावर. समुद्रावर चालायला कुणाची तरी लेखी परवानगी लागते, ही कल्पनाच या बाजूला नवी होती. हाजींसाठी तर हा दुहेरी पेच होता, कारण या परवान्यांवर हजरत मरियम आणि हजरत ईसा यांची चित्रे असत. अकबर बादशाहाच्या दरबारातल्या एका बड्या आलिमांनी असा फतवा दिला होता, की समुद्रमार्गाने जायचे तर चित्र असलेला परवाना बाळगावा लागतो, खुष्कीच्या मार्गावर इराणात त्रास सोसावा लागतो, तेव्हा अशा स्थितीत हज फर्ज राहत नाही. तरी लोक जात राहिले. बादशाहाची आत्या गुलबदन बेगम हिलाही १५७६ मध्ये सूरतेला परवान्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागले, पण शेवटी ती गेली आणि हज करून परत आली. दख्खनच्या हाजींसाठी दाभोळ हे असेच थांबण्याचे आणि सुटण्याचे ठिकाण होते. विजापूर दरबारची जहाजेही इथून जेद्दा आणि हॉर्मुझकडे जात.

घोड्यांचा व्यापार मात्र गेला. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी घोड्यांची जहाजे गोव्याकडे वळवली. पुढच्या शतकात सूरत वाढले. १६६० नंतर दाभोळ शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आले. महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग यांच्यासारखे मुस्लिम सरदार होते, हे आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरही सांगायला हवे. १६८६ मध्ये विजापूर पडले, म्हणजे ज्या राजधानीसाठी बंदर होते ती राजधानीच उरली नाही. मग मुंबई वाढली. जहाजे मोठी होत गेली आणि खाडीच्या तोंडावरची वाळूची दांडी त्यांना आत येऊ देईना. शत्रूपेक्षा वाळूने दाभोळचे जास्त नुकसान केले, असे आमचे मत आहे. पण वाळूवर भाषण करता येत नाही.

शब्द राहिले

उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवणाऱ्याला दाभोळ एका वेगळ्याच ठिकाणी सापडते. आम्ही एकदा फळ्यावर दोन रकाने आखले आणि मुलांना जहाजाशी संबंधित मराठी शब्द सांगायला लावले. कोळी आणि दालदी घरांतली मुले यात पुढे, शिक्षक मागे. बंदर : हा फारसी शब्द. सुकाणू : अरबी 'सुक्कान'. नाखवा : फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. सारंग : फारसी 'सरहंग'. तुफान अरबी. फारसी 'लंगर' मराठीत 'नांगर' झाला आणि शेतातल्या नांगराच्या शेजारी जाऊन बसला. 'जकात' तर आपल्याला घरचीच. पण मराठीत ती बंदरावर आणि नाक्यावर वसूल होणारा कर झाली. 'मोसम' अरबी, तो पोर्तुगीजांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी, आणि 'मान्सून' होऊन तो परत आपल्याच पावसाला मिळाला.

शेवटी एका मुलाने 'मालमी' हा शब्द सांगितला. त्याचे आजोबा गलबतावर होते. जहाजाला वाट दाखवणारा, ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा तो मालमी. मूळ शब्द अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिक्षक. अरब जहाजांवर वाटाड्याला मुअल्लिमच म्हणत. उर्दूच्या तासाला मुले आम्हाला जो शब्द लावतात, तोच. त्या दिवशी आम्हाला पगारवाढ मिळाल्यासारखे वाटले.

हे शब्द ग्रंथांतून आलेले नाहीत. एका जहाजावर अरब, हबशी, कोळी, भंडारी, दालदी, गुजराती खलाशी वर्षानुवर्षे एकत्र राबले, त्यांच्या कामातून ते भाषेत मुरले. वारा फिरल्यावर शीड उतरवायची हाक सगळ्यांना एकाच वेळी कळायला हवी. तिथे शुद्ध भाषेचा आग्रह धरणारा बुडालाच म्हणून समजा. पुढे इंग्रजांच्या जहाजांवर आपले खलाशी गेले तेव्हा हीच मिश्र बोली तिथेही गेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांना ती शिकावी लागली. थॉमस रोबक याने त्यांच्यासाठी इंग्रजी-हिंदुस्तानी आरमारी शब्दकोश १८११ मध्ये कलकत्त्याला छापला.

बंदर ओसरले तरी समुद्र सुटला नाही, असे म्हणतो ते याच कारणाने. आपल्या बंदरात जहाजे येईनात, तेव्हा आपली माणसे दुसऱ्यांच्या जहाजांवर गेली. दाभोळ, भोपण, कालुस्ते, गोवळकोट, पलीकडची गुहागरची गावे, अशा खाडीकाठच्या गावांतून पिढ्यामागून पिढ्या मुंबईला जात. रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान खलाशी म्हणजे जहाजाच्या डेकवरचे भरवशाचे हात, अशी ख्याती होती. सारंग आपल्याच गावची, नात्यातली माणसे घेई. त्यामुळे एकेका जहाजाचा डेक म्हणजे जणू एकेक मोहल्ला. मुंबईत गावाच्या जमातीची खोली असे. तिथे भिंतीला ओळीने ट्रंका, मधे सतरंजी, आणि जहाज मिळेपर्यंतचे दिवस. दोन्ही महायुद्धांत हे लोक मालवाहू जहाजांवर होते. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, पण पाणबुडीने डागलेला टॉर्पेडो ते पाहत नाही. भारतीय खलाशांतले हजारो त्या युद्धांत बुडाले. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे. मोहम्मद अली रोडला ईदच्या खरेदीला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना ते अगदी वाटेवर आहे. आम्ही स्वतः मात्र वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा तिथे गेलो.

घरी राहिलेल्यांची गोष्ट या स्मारकात नाही. जहाजाचा करार वर्षभराचा, कधी त्याहून जास्त. तेवढे दिवस शेत, घरदुरुस्ती, मुलांच्या शाळा, सासऱ्यांची दवा, नणंदेचे लग्न, सगळे गावातल्या बायकांनी पाहिले. आमची दादी अंगठा करी, पण मनिऑर्डरची पावती आणि सोनाराची पावती यांचा हिशेब तिच्याकडून कधी चुकला नाही. पत्र आले की ते वाचून घ्यायला ती शाळेतल्या पोराला बोलावी आणि त्याला आधी खोबऱ्याची वडी देई, म्हणजे तो घाईत वाचणार नाही. जूनपासून ऑगस्टपर्यंत कोकण किनाऱ्याची आगबोट बंद असे. पाऊस सरून बोट सुरू झाली, की दाभोळच्या थांब्याला पडावातून उतरणारी माणसे बघायला खाडीकाठी गर्दी जमे. कुणाचा माणूस आला, कुणाचा नाही, हे पडाव काठाला लागण्याआधी कळे. त्या बोटी गेल्या, आणि १९९५ नंतर मुंबईहून हजला जाणारी जहाजेही बंद झाली. आता जेद्दा विमानाने पाच-सहा तासांवर आहे. ते चांगलेच झाले. आमच्या दादीला जहाजाने जायला बारा-तेरा दिवस लागले होते आणि त्यांतले निम्मे तिने उलट्या करण्यात घालवले, असे ती स्वतःच सांगे.

आता ती नळी. खलाशाच्या नोकरीचा दाखला सरकारी असे : कोणत्या जहाजावर, किती तारखेला चढला, किती तारखेला उतरला, काम कसे, वागणूक कशी. हा कागद समुद्राच्या दमट हवेत टिकावा म्हणून पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत. त्यामुळे दाखल्यालाच 'नळी' म्हणायचे. पुढे त्याचे पुस्तक झाले, तरी "नळी काढली का?" असेच विचारत. नळी असली तर नोकरी. नळी हरवली तर माणूस बंदरात असून नसल्यासारखा.

आमचे आजोबा खलाशी म्हणून चढले आणि तांडेल होऊन उतरले. त्यांची नळी दादीच्या ट्रंकेत होती. दादी गेल्यावर चार वर्षांनी घराचे छप्पर काढून स्लॅब घातला, तेव्हा माळ्यावरचे सामान अंगणात आले. गंजलेले डबे, कंदील, फुटकी घागर, ती नळी. भंगारवाला दारात उभा होता. वालिद मुंबईला होते. सामान आम्हीच दिले, वजनावर. नळी उघडूनही पाहिली नाही. त्या वेळी आमचे बी.एड. चालू होते आणि त्याच आठवड्यात सराव पाठासाठी 'इतिहासाची साधने' या घटकाचा तक्ता आम्ही रंगवत होतो. ताम्रपट, शिलालेख, नाणी. तक्त्याला चांगले गुण मिळाले.

वालिदांनी आल्यावर विचारले. आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. आजोबांच्या जहाजांची नावे आज कुटुंबात कुणालाच सांगता येत नाहीत. युद्धाच्या काळात ते समुद्रावर होते एवढे माहीत आहे, कुठे ते नाही. वालिद आता मरहूम आहेत, त्यांना विचारावे तर तीही सोय उरली नाही.

म्हणून दाभोळच्या सहलीहून परत आल्यावर मुलांना निबंध दिला नाही. घरी जाऊन माळा बघा, ट्रंक बघा, दादी-नानीला विचारा, एवढेच काम दिले. काही सापडले तर त्याला हात लावण्याआधी घरच्यांना विचारायचे, आणि वस्तू शाळेत आणायची सक्ती नाही. पहिला आठवडा काहीच आले नाही. मग एका मुलीने पितळी कंपासाची डबी आणली, आत काटा नव्हता. एकाने चुलत्याचा जहाजावरचा फोटो आणला. मागे उर्दूत कुठल्यातरी बंदराचे नाव, शाई पसरलेली. 'वाचून दाखवा' म्हणून फोटो वर्गभर फिरला. आम्हालाही ते लागले नाही.

आणि सहलीच्या आधी 'तिथे काय बघायचे' म्हणणारी जी मुलगी, तिने नळी आणली. तिच्या खालाच्या सासूबाईंकडे, दाभोळातच होती. पत्रा गंजलेला, झाकण घट्ट बसलेले. शाळेच्या शिपाईमामांनी तेल सोडून ते काढले. आत पिवळे पडलेले कागद, घडीवर फाटलेले. जहाजांची नावे इंग्रजीत, तारखा, शिक्के, खाली सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा. काम आणि वागणूक या दोन रकान्यांत दर वेळी तीच दोन इंग्रजी अक्षरे. मुलांनी विचारले तेव्हा सांगितले, 'व्हेरी गुड'. अकरा वेळा होते. मुलांनी मोजले.

सासूबाईंनी बजावून पाठवले होते, की मगरिबच्या आत नळी घरी परत आली पाहिजे. आम्ही कागद न ताणता त्यांचे फोटो काढले, एक प्रत मुलीसाठी आणि एक शाळेच्या कपाटासाठी छापून घेतली, आणि चारच्या एस.टी.ने ती मुलगी व तिचा भाऊ नळी घेऊन दाभोळला गेले. साडेपाचला फोन आला, पोहोचली म्हणून.